ड्युरेबलवाला मगन

धुळ्यात कुकर-शेगड्या दुरुस्त करणाऱ्या मगनला गिऱ्हाइकं 'ड्युरेबल' म्हणूनच ओळखत. कधीकाळी एका सेल्समनकडून त्यानं हा शब्द उचलला, आणि मग काय विचारता. कुकरचं रबर ड्युरेबल, शेगडीचा बर्नर ड्युरेबल, मेव्हण्याची जमलेली सोयरीकसुद्धा ड्युरेबल. अर्थ विचारला की म्हणायचा, "पुन्हा माझं तोंड पाहायची वेळ येणार नाही, असं." लोक हसायचे आणि विश्वास ठेवायचे. विश्वास ठेवायचे, हेच वाईट.

त्या दुपारी जवळच्या कापडणे गावच्या भागाबाई आपला कुकर न्यायला आल्या. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडायचा.

"डुरेबल शे ना रे? सांजले पाव्हना येतीन," त्यांनी विचारलं.

"एकदम," मगन म्हणाला.

त्या गेल्यावर बऱ्याच वेळानं टेबल आवरताना नवा व्हॉल्व्ह त्याच्या हाताला लागला. रबर तपासायला त्यानं व्हॉल्व्हच्या भोकात भरीव बोल्ट बसवला होता, आणि कुकर तसाच गेला होता. तो बोल्ट काही केल्या उडणार नव्हता. वाफ कोंडली, तर कुकरच फुटणार होता.

फोन लावला, तर नुसता वाजत राहिला. दुकान उघडं टाकून मगननं मोटारसायकल काढली. रस्ताभर त्याला आपलाच शब्द ऐकू येत होता, आणि आता त्या शब्दाची त्याला शिसारी आली होती.

तो कापडण्याला पोचला, तेव्हा कुकर गॅसवर चढलेला होता. शिट्टी का होत नाही म्हणून भागाबाई त्याच्यावर वाकून पाहत होत्या. मगननं पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. गॅस बंद केला आणि त्यांना दंडाला धरून अंगणात ओढलं.

"काय व्हयनं रे?" त्या विचारत राहिल्या. कुकर निवेपर्यंत दोघं अंगणातच उभे राहिले.

झाकण उघडलं, तर शिट्टीच्या नळीत तुरीचं साल घट्ट बसलेलं. मगननं बोल्ट काढला, व्हॉल्व्ह बसवला आणि आपली चूक सांगून टाकली. भागाबाईंनी नव्या व्हॉल्व्हवर बोट ठेवलं.

"मंग हाऊ पन उडी जाई," त्या म्हणाल्या. "तू त डुरेबल म्हने व्हता."

"उडाले पाह्यजे, अक्का," मगन म्हणाला. "तो त्यानाच करता शे. टिकाले तुम्ही पाह्यजेत."