ड्रॅगनच्या खोडी

मेडशीच्या गोविंदसिंगला जगात निर्दोष अशी एकच वस्तू माहीत होती, ती म्हणजे गोविंदसिंग. बाकी सगळ्यात खोड. तीस वर्षं त्यानं बैलबाजारात घेणाऱ्याच्या बाजूनं दलाली केली होती. बैलाचा जबडा उघडून दात मोजायचे, अंगावरचे भोवरे बघायचे, चार पावलं चालवून घ्यायचं आणि मग विकणाऱ्याच्या तोंडावर जनावराची अशी अब्रू काढायची, की आपण बैल आणलाय की शेळी, असा त्या बिचाऱ्याला प्रश्न पडावा. घरातही तोच खाक्या. बायकोच्या, रुखमाबाईच्या स्वयंपाकाला त्यानं सव्वीस वर्षांत एकदाही बरं म्हटलं नव्हतं. ताटात मात्र कधी घास उरत नसे.

मुलगी संस्कृती पुण्यात कॉम्प्युटर शिकून आली आणि पाच महिने घरी बसली. तेवढ्या काळात गावानं तिच्यासाठी तीन स्थळं आणि शंभर सल्ले आणले. नोकरी तेवढी कुणी आणली नाही. शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं परीक्षा म्हणून एक काम दिलं. वीस वर्षांपूर्वीचा एक परदेशी गेम कंपनी नव्यानं बाजारात आणणार होती. ड्रॅगन नावाच्या पंखवाल्या अजगरावर बसायचं, आभाळात उडायचं आणि समोर येईल त्याच्यावर गोळ्या झाडायच्या, एवढंच त्यातलं तत्त्वज्ञान. ज्यानं जन्मात गेम खेळला नाही अशा माणसाला तो खेळायला लावून त्याचं पहिलं मत जसंच्या तसं पाठवायचं होतं. अहवाल पटला तर नोकरी.

"म्हंजे तुह्यी नोकरी माह्या मतावर हाय?" गोविंदसिंग बाजेवर ऐसपैस बसला. "मंग पयलेच सांगाचं ना बाई. आण तो अजगर."

संस्कृतीनं देवाचं नाव घेतलं आणि गेमचा रिमोट त्याच्या हातात दिला. पडद्यावर निळा ड्रॅगन आला. गोविंदसिंगनं मान तिरकी केली.

"दात दाखव म्हणा त्याले."

"बाबा, दात पाहाचं बटन नाई."

"काहून? वय न पाहता बसाचं का त्याच्यावर?"

वयाची चौकशी चालू असतानाच शत्रूच्या उडत्या जहाजांनी त्याला संपवलं. दुसऱ्या खेपेला त्यानं रिमोट कासऱ्यासारखा छातीशी ओढला, सोबत स्वतःही मागं गेला, बाज करकरली आणि ड्रॅगन डोंगरावर आपटला. तिसऱ्यांदा मात्र गोळीचं बटन सापडलं. बारा जहाजं पडली. शूर वीराला आता जोर चढणार, असं संस्कृतीला वाटलं, तोच तो म्हणाला, "थांबव. जनावर कवापासून उडून राह्यलं. पाणी पाजाचं बटन कोठी हाय?"

"तसं काही नाई त्याच्यात."

"गोया झाडाले सहा बटनं, आन् पाण्याले एकबी नाई! कोन्या येड्यानं बनवलं हे?"

मग एकेक खोड निघत गेली. खोगीर पुढं सरकलेलं, सगळा भार मानेवर. शेपूट जड. छाती अरुंद. "आन् हे पाह्य. उजवीकडं वळते तवा डावा पंख मांगून येते. लंगडं हाय."

"काहीबी काय बाबा!"

"फिरव. अजून फिरव."

तिनं दहादा फिरवला, तिला काही दिसलं नाही. दोन तास झाले, रुखमाबाईनं भाकरी दोनदा गरम केली, तरी माणूस बाजेवरून हलेना. एकूण सतरा खोडी.

रात्रभर संस्कृती विचार करत राहिली, साहेबांना आवडेल असं गोडगोड लिहावं का? पण अट जसंच्या तसं लिहायची होती. सकाळी तिनं पाणी पाजायच्या बटनासकट सगळं पाठवून दिलं आणि नोकरी गेली असं धरून तूर निवडायला बसली.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या अर्पित साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. "तुमच्या वडिलांना गेम अजिबातच आवडलेला दिसत नाही," ते म्हणाले. "सतरा तक्रारी!"

"सर, बाबांना जे जनावर न्यायचं नसतं त्याला ते 'छान आहे' म्हणतात आणि पुढं जातात," संस्कृती म्हणाली. "खोडी ते फक्त मनात भरलेल्या जनावराच्या काढतात. सतरा तर त्यांनी आजवर कुठल्याच बैलाच्या काढल्या नाहीत."

साहेबांनी अहवाल पुन्हा चाळला. "डावा पंख आम्ही तपासला. तो खरंच उशिरा येतो. आमच्या आठ जणांना तीन महिन्यांत ते दिसलं नव्हतं." मग हसले. "सोमवारी रुजू व्हा."

खरं तर आता गोविंदसिंगनं गावभर मिरवायला हवं होतं. तो संस्कृतीशेजारी बाजेवर खाली बघत बसला.

"काका, पाठवताय ना मुलीला?" साहेबांनी रीत म्हणून विचारलं. "काही सांगायचंय तिच्याबद्दल?"

"सांगतो ना." त्यानं घसा खाकरला. "सकायी लवकर उठत नाई. एक नंबरची हेकट हाय. चा ठेवते आन् विसरते. बापाले उलटून बोलते."

साहेब गोंधळले. "काका, मग घेऊ की नको?"

रुखमाबाईनं पदर डोळ्यांना लावला. संस्कृतीला एकदम रडू फुटलं, तिनं मोबाइल पालथा ठेवला. गोविंदसिंगचं चालूच होतं, आवाज तेवढा बसत चालला होता.

"जेवाले चार हाका माराव लागते. माहा चष्मा लपवून ठेवते. आन् मोठी खोड म्हंजे, सोमवारी चालली."