पुलावरची दोन मेंढरं

माझा राग नाकावर असतो हे हिंगोलीत माझ्या पिको-फॉलच्या दुकानात येणारी कुठलीही बाई सांगेल. साडीला उशीर झाला म्हणून कुणी कुरकुरलं की मीच उलट चार शब्द ऐकवते. ही खोड लहानपणापासूनची आहे. तिच्यापायी माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती निस्तरायला एक सिनेमा दोनदा निघावा लागला.

आम्ही जवळा बाजारजवळच्या एका खेड्यातले. घरी मेंढरं न् थोडी शेती. मी सातवीत असताना पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, गावातल्या काही जणांनी भाड्यानं टीव्ही आणि सीडी प्लेअर आणून समाजमंदिरात मांडला. कामं बंद होती, त्यामुळं भर दुपारी सगळं गाव लोटलं. सिनेमा परदेशी, पण हिंदीत बोलणारा. एका राणीची सावली चोरीला जाते आणि तिची मुलगी ती शोधायला ढगांपलीकडच्या डोंगरात निघते. वाट दाखवायला एक म्हातारा मेंढपाळ, सोबत त्याचा कळप. उडणारी हरणं काय, बोलणारे दगड काय! मी आ वासून बघत होते. आज दोन लेकरांची आई झाले तरी माझा सगळ्यात आवडता सिनेमा तोच.

माझे वडील, म्हणजे आबा, माझ्या मागंच बसले होते. सिनेमातला म्हातारा कळपासकट दोरीच्या पुलावर चढला. पूल अरुंद, त्यामुळं मेंढरं एकामागं एक. लगेच पुढच्या चित्रात ती पलीकडच्या बर्फातून तशीच रांगेनं चालत होती. तेवढ्यात आबा उभे राहिले.

"थांबवा रे जरा. दोन मेंढरं कमी हायेत."

आमच्यात सांजेला मेंढरांच्या वाड्याला लावलेल्या जाळीच्या तोंडाशी उभं राहून एकेक मेंढरू आत सोडतात आणि मनातल्या मनात मोजतात. बोट दाखवायचं नाही, दृष्ट लागते म्हणतात. आबांचा जन्म त्यात गेलेला. मेंढरं रांगेनं दिसली की ते मोजणारच, मग ती टीव्हीतली का असेनात. बाकी गाव राजकन्येचा झगा बघत होतं.

समाजमंदिर हसून हसून लोळलं. "टीव्हीच्या मागं बघा, तिकडं चरत असतील," असंही कुणी म्हणालं. आबा मात्र हसले नाहीत. "अरे, तो म्हातारा तसाच चालून राहिला. त्याला ठावंच न्हाई," असं म्हणत ते उभेच. माझ्या मैत्रिणी तोंड दाबून हसायला लागल्या तशी माझ्या अंगाची लाही झाली. मी वळून म्हणाले, "आबा, गप बसा, न्हाई तर घरी जा. लाज वाटून राहिली मला तुमची."

आबा माणसांमधून वाट काढत बाहेर गेले. मी परत सिनेमात बुडाले.

त्यानंतर गावानं त्यांचं नावच 'दोन कमी' ठेवलं. बाजारात, पारावर, लग्नात, "सापडले का हो दोन?" असं कुणीतरी विचारायचंच. आबा हसून सोडून द्यायचे. पण माझ्यासोबत ते पुन्हा कधी सिनेमाला बसले नाहीत. पुढं आमच्या घरी टीव्ही आला, तो सिनेमा लागला की आबा काठी घेऊन बाहेर जायचे. मला ते कळायचं. माफी मागावी असंही वाटायचं, पण जीभ जी भांडायला हातभर लांब, ती अशा वेळी टाळ्याला चिकटते. मी तो सिनेमा वीस-पंचवीस वेळा पाहिला असेल. मेंढरं एकदाही मोजली नाहीत.

यंदा त्याच सिनेमाची घरी बघायची मोठी आवृत्ती निघाली, पूर्वी कापलेले तुकडे परत जोडलेली. आमच्या मालकांनी मला न सांगता तिची डीव्हीडी मागवली. जुना प्लेअर माळ्यावरून काढून पुसून दिला आणि म्हणाले, "आज दुकान बंद ठेव." असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे मी त्यांना तोंडावर कधी म्हणणार नाही म्हणून इथं लिहून ठेवते.

पूल आला. पण या वेळी चित्र पुढं गेलं नाही. पुलाच्या मधोमध एक दगडी राक्षस आडवा आला. दोन जीव दे, मग वाट देतो, म्हणाला. म्हाताऱ्यानं कळपातली दोन मेंढरं निवडली, त्यांच्या कानामागं खाजवलं, आणि दिली.

मी सिनेमा थांबवला. मागं नेला. पुलावर चढताना मोजली तर तेवीस. पुलापलीकडं एकवीस. आबा एका नजरेत बरोबर होते. मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गावी गेले. आबा शेळ्यांना पाला टाकत होते.

"आबा, तुमी बराबर व्हते. दोन कमीच व्हते. माझं चुकलं."

त्यांनी पाला टाकायचं थांबवलं. "काहून माय, एवढ्यासाठी आली व्हय?"

"हिंगोलीला चला, माझ्यासंगं बसून पाहा. एकदा."

त्यांनी उरलेला पाला शेळ्यांपुढं टाकला. मला वाटलं, नाहीच म्हणतील. मग म्हणाले, "टोपी बदलून येतो."

दुपारी आम्ही दोघं हिंगोलीत घरी टीव्हीसमोर बसलो. पुलाचा तुकडा आला तसे आबा उठून पडद्याजवळ गेले. म्हाताऱ्यानं मेंढरं दिली, चार पावलं पुढं गेला आणि मागं वळला. दोन्ही दिसेनाशी होईपर्यंत तो बघत होता. आबांनी नकळत हात जोडले.

"मागं वळला," ते म्हणाले. "मला वाटलं व्हतं, ह्या गड्यानं मोजलेच न्हाईत. इतकी वर्सं उगाच शिव्या दिल्या बिचाऱ्याला."

"गावात सांगू का सगळ्यांना?" मी विचारलं. "तोंडं बंद होतील त्यांची."

"राहू दे. त्यायला हसायला कायतरी पायजे."

गावाचं हसणं त्यांना कधी लागलंच नव्हतं. ते त्या मेंढपाळाची काळजी करत होते. ज्या कुणी तो कापलेला तुकडा टाकून न देता जपला, त्याचं देव भलं करो.

मला वाटलं, आता आबा उठतील. त्यांना हवं ते सापडलं होतं. पण ते परत येऊन खाली बसले, भिंतीला टेकले आणि पडद्याकडं बोट करून म्हणाले, "त्या राणीची सावली सापडती का गं? मी मधूनच उठून गेलतो."

मी म्हटलं, "बघा आता," आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.