पद्मजा मॅडमनी अडवलेली ओळ

संघपाल सर तामसीहून बसने आदिलाबादला येऊन डिग्री कॉलेजात गणित शिकवतात. वडील बाबाराव शेतमजूर. घरात कॉलेज पाहिलेले संघपालच पहिले. त्यांचं स्वतःचं संशोधन क्वांटम संभाव्यतेतलं. बस उशिरा आली का, पाऊस पडला का, यातलं काय आधी पाहिलं याने एरवी काही बिघडत नाही. अणूंच्या जगात बिघडतं. तिथे पहिल्या तपासणीनेच दुसरीचं उत्तर बदलू शकतं. तिथल्या शक्यता मोजायचं हे गणित.

याबद्दल बोलावं असं जिल्ह्यात कुणी नव्हतं. म्हणून दर शनिवारी तास संपले की ते संख्याशास्त्राच्या पद्मजा मॅडमना रिकाम्या वर्गात बसवून फळ्यावर सगळं मांडत. निवृत्तीला आलेल्या मॅडम "मले यातलं ओ का ठो कळत नाई" म्हणत ओळ न् ओळ वहीत उतरवत.

पाच वर्षांच्या कामाचा लेख परदेशी नियतकालिकाने स्वीकारला. त्याच्याच जोरावर हैदराबादच्या एका संशोधन संस्थेने मुलाखतीला बोलावलं. आठ दिवस आधी फळ्यावर उजळणी चालली होती.

"थांबा. वर आधी 'अ', मग 'ब'. इथं उलटं काऊन?"

"एकच आहे ना मॅडम, गुणाकारच—"

संघपालांचा हात थांबला. सगळा विषयच क्रमाचा, आणि शाळेतल्या सवयीने त्यांनी लेखातही इथे क्रमच उलटवला होता. खालची सिद्धता त्या एका ओळीवर उभी होती.

"आता लेख वापस घ्या लागते," ते म्हणाले.

"मी कोनाले सांगत नाई. तिकडच्या पंडितांना तरी कुठं दिसलं!"

"तुमाले दिसलं ना. आता कोन्या तोंडानं तुमाले पुढची ओळ शिकवू?"

मॅडम हसल्या. "मंग लिहा पत्र. चहा माझ्याकडून. बुडवलं मीच तुमाले!"

पत्र गेलं. मुलाखतीत संघपालांनी चूक स्वतःहून दाखवली. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

दोन वर्षांनी क्रम सांभाळून केलेली सिद्धता छापून आली. निष्कर्ष आधीपेक्षा लहान, पण पक्का. प्रत घेऊन ते मॅडमच्या घरी गेले. आभारात पहिलंच नाव मॅडमचं होतं.

"अहो, मी तं फक्त काऊन म्हणून विचारलं," मॅडम संकोचल्या.

"पाच वर्षांत तेवढंच कोनी विचारलं नवतं," संघपाल म्हणाले आणि वाकून त्यांच्या पाया पडले.