धुळकट काचेवरचं पेशीपटल

माहूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत ती किनवटला चढली आणि आमच्या पुढच्या सीटवर खिडकीशी बसली. बुरख्यातली, सतरा-अठराची, मांडीवर डॉक्टरकीच्या 'नीट' प्रवेशपरीक्षेचं पुस्तक. तोंडातल्या तोंडात धडा म्हणत ती धुळकट काचेवर बोटानं टिंबांच्या दोन ओळी काढायची आणि प्रत्येक टिंबाला दोन शेपट्या जोडायची.

माझ्या आईला सकाळपासून जुलाब लागले होते. तिची मान माझ्या खांद्यावर कलली होती. मी तिला पाणी पाजत होते, तशी ती पोरगी वळली. "नुसतं पाणी नका देऊ."

भोकरला गाडी थांबताच ती चहावाल्याकडे धावली. लिटरभर पाण्याच्या बाटलीत तिनं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं. बाटली हलवत तिनं काचेवरच्या चित्रावर बोट टेकवलं.

"हे आतड्यातल्या पेशीचं पटल हाय. कुणालाबी आत घेत न्हाई. पण मीठ साखरेचा हात धरून आलं की दार उघडतंय, आन् पाणी त्यांच्या मागं मागं येतंय."

घोट-घोट करत आईनं बाटली अर्धी केली. अर्धापूरला आईनं डोळे उघडले. नांदेडच्या स्टँडवर ती उठून उभी राहिली आणि माहूरला देवीपुढे जोडले होते तसे काचेवरच्या चित्राला हात जोडले.

पोरगी हसली. "आजी, देव न्हाई ते, पेशीपटल हाय."

"असू दे की! दार उघडलं ना त्यानं?" आई ठणकावून म्हणाली आणि माझा हात झिडकारून स्वतःच्या पायानं खाली उतरली.