मालूबाईंचं ‘फिट’

अगं, जरा निवांत बसून वाच. परवा फोनवर “आत्या, तब्येत फिट ना?” एवढंच विचारलंस आणि ठेवलास. ही काय बोलायची रीत झाली? म्हणून लिहूनच सांगते.

फिट म्हटलं की मला मालूबाई आठवतात. कुंडलला आमच्या दारासमोर त्यांचं दार. ओट्यावर शिलाई मशीन, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. बोलायच्या त्या टाचण्यांमधूनच. इंग्रजी शब्द एकच येत होता. ब्लाऊज अंगाला बसला, फिट. डब्याचं झाकण निघेना, “लय फिट हाय.” नळाची तोटी फिट करायची, आणि एखादं लग्न जमलं की “जोडी फिट बसली.” मी एकदा म्हटलं, “आवं, एका शब्दाला किती राबवाल?”

“राबू दे की. मी न्हाई व्हय राबत?”

नवऱ्यामागं एकुलती लेक, सुरेखा. ती लष्कराच्या भरतीला पुण्याला गेलेली. धावणं झालं, लेखी झाली, मेडिकल तेवढी राहिलेली. त्या दिवशी दुपारी तिच्या मैत्रिणीचा फोन आला. रेंज जेमतेम. ती सांगत होती, “सुरेखा मेडिकलला फिट आली,” पण मधला शब्द गळाला आणि मालूबाईंना ऐकू आलं, “सुरेखा...ला फिट आली.” फोन कट.

टेप गळ्यात तशीच. पदरात कांदा घेतला, पोरीला हुंगवायला, आणि निघाल्या. मीही मागं. स्टँडवर एसटीचा पत्ता नाही. मालूबाईंनी कांदा घट्ट धरलेला. तेवढ्यात सुरेखाचाच फोन.

“आई, कळलं ना? फिट आहे मी. पास झाले.”

“मग फिट आली कुणाला?”

“कुणालाच नाही गं.”

मालूबाई बाकड्यावर बसल्या, डोळे पुसले. “बरं. जेवलीस का?” एवढंच विचारलं. घरी येऊन त्याच कांद्याचं पिठलं केलं, मलाही वाढलं.

पुढं सुरेखा रजेवर आली की आधी तिच्या दंडाला टेप लागायची. “फोनवर समदेच फिट असत्यात,” म्हणायच्या.

मालूबाई जाऊन दोन वर्षं झाली. सुरेखानं ती टेप मला दिली. आकडे पुसट झालेत, पण दिसतात. तेव्हा तू फिट आहेस का ते मी बघेन. दंड पुढं करायला ये लवकर.