जाणाऱ्या पाण्याची ओटी

हौसाकाकी तलावाच्या बांधावर पाय ठेवण्याआधी चपला काढून हातात घ्यायची. आम्हाला वाटायचं, देवळात शिरल्यासारखं करते. एकदा मी तिला तसं विचारलंही.

"देव कुटला आलाय हितं?" ती म्हणाली. "चपलीतनं वल कळत न्हाय पायाला, म्हणून काढते."

बांधाच्या मागल्या, कोरड्या अंगाला ओल फुटली तर ती आधी आपल्या तळपायाला कळावी, एवढाच तिचा हेतू. कमरेला खुरपं खोचलेलं असे. बाभळीचं रोपटं दिसलं की ती ते मुळासकट उपटायची. घुशीचं बीळ दिसलं की त्यात दगडमाती ठासायची आणि वरून टाच मारायची. एखादी म्हातारी म्हणे, "हौसे, वाढतं झाड उपटतीस, पाप लागंल." यावर काकीचं उत्तर ठरलेलं. "झाडाला सारं शिवार मोकळं हाय. त्येची मुळी बांधात शिरली की मागनं पाणीबी त्याच वाटंनं शिरतंय. मग पाप कुणाला लागतंय ते बघू की."

हौसाकाकी आमची नात्याची नव्हे, शेजारची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मोठ्या दुष्काळात आमच्या गावी तलावाचं काम निघालं, तेव्हा ती आणि माझी आई एकाच टोळीत मातीच्या पाट्या वाहायच्या. दोघींच्याही डोक्यावरचे केस त्या वर्षी विरळ झाले, ते पुन्हा दाट झाले नाहीत. "ह्यो बांध माझ्या डोक्यावरनं आलाय," असं काकी म्हणे, आणि ते शब्दशः खरं होतं.

कामावर एक तरुण ओव्हरसियर होते. दुपारी भाकरी खाताना ते बायकांना समजावून सांगत, की मातीचा बांध पाणी अडवतो, पण पाणी त्याच्या माथ्यावरून गेलं तर तो विरघळतो. म्हणून एका टोकाला सांडवा ठेवायचा, जादा पाण्याला जायची वाट. तो कधी बुजवायचा नाही. ते साहेब पुढे बदलून गेले. ऐकणाऱ्या बऱ्याच जणी विसरल्या. काकी विसरली नाही. तिची कुणी वाहवा केली तर ती लगेच म्हणायची, "ह्ये माझं डोकं न्हवं बाबा, सायबाचं हाय. मी निस्तं ध्यानात ठिवलं."

एवढ्या प्रेमाच्या बांधावरून तिने एकदा लग्नाचं वऱ्हाड परतवलं होतं. बांधावरून पलीकडच्या वस्तीला जवळ पडतं, म्हणून गाडीवानाने बैल तिकडे वळवले, तर ही आडवी उभी. "गाडीची चाकोरी पडली की पावसाचं पाणी त्याच चाकोरीनं बांध कापतंय. वळवा गाडी." नवरदेव म्हणाला, "काकी, मुहूर्त टळंल." काकी म्हणाली, "मुहूर्त दुसरा काढता यील. बांध दुसरा कोण बांधतंय? तू?" वऱ्हाड खालच्या लांबच्या वाटेने गेलं. काकी मात्र त्याच लग्नात मागून जाऊन पोटभर जेवली.

मी सोलापुरात भवानी पेठेत खोली घेऊन कॉलेजला होतो. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे शनिवारी एस.टी.ने गावी आलो की प्रत्येक जण काहीतरी विचारी. काकीने विचारलं, "दत्त्या, काय शिकिवत्यात तितं?"

"इतिहास, काकी."

"म्हंजी मेलेल्या राजांचं. आन जित्या बांधाचं कोण शिकिवतंय?"

 

मग तो पावसाळा आला. तलाव काठोकाठ भरला, बायकांनी वाजतगाजत पाण्याची ओटी भरली, आणि सांडव्यातून पाणी जाऊ लागलं. पाण्यासाठी आयुष्यभर आभाळाकडे बघितलेल्या माणसांना ते जाणारं पाणी बघवेना. मारुतीच्या पारावर बैठक बसली. सरपंच आबांनी मांडलं, की सांडव्यात दगड आणि मुरूम घालून तो कंबरभर उंच करू, तेवढंच पाणी जास्त राहील. आबा वाईट माणूस नव्हे. गावातल्या विहिरी उन्हाळाभर टिकाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं.

"हौसाबाई, तुझं तर भलंच हाय ह्यात," आबा म्हणाले. "सांडवा वाहिला की पाणी तुझ्या रानात घुसतंय. त्यो बुजला की तुझं रान वाचलं."

हे खरं होतं. काकीची जमीन म्हणजे सांडव्याच्या तोंडाशी असलेला तो एक काळ्या मातीचा तुकडा. पण ती म्हणाली, "रान वाचंल, आन बांध जाईल. बांधाखालच्या वस्तीनं काय करायचं?" त्या वस्तीत आमचंही घर होतं.

आबा माझ्याकडे वळले. "दत्तू, तू कालिजात हाईस. तू सांग."

"मला यातलं कळत नाही, आबा," मी म्हणालो. पारावर हशा पिकला.

काकी हसली नाही. "बरं झालं, कळत न्हाय म्हणालास. हितं बाकी सगळ्यांस्नीच कळतंय."

सांडवा बुजवला गेला. काकीने बांधावरच्या फेऱ्या वाढवल्या. पुढे परतीचा पाऊस लागला तो थांबेना. मी सुट्टीसाठी घरी होतो. एका सकाळी काकी दारात आली. तिच्या पायांना चिखल होता आणि हातात टिकाव. "वैनी, मागल्या अंगाला पायाखाली गार लागाया लागलंय. पाणी माथ्याला टेकलंय," एवढंच आईला म्हणाली आणि चालू लागली. आम्ही मागोमाग निघालो.

आम्ही पोहोचेपर्यंत तिने बुजवलेल्या सांडव्याच्या कडेचे दगड ओढायला सुरुवात केली होती. आबा आणि चारदोन माणसं धावत आली.

"हौसाबाई, टिकाव खाली ठेव! पाणी सोडलंस तर पयलं तुझंच रान जातंय."

"ठावं हाय मला. माझं हाय, मी सोडते. तुमच्या घरातलं काय मागाया आले का?"

"अगं, किती वाट बघितली ह्या पाण्याची!"

काकी टिकाव टेकून उभी राहिली. "आबा, तुमी लेक सासरी धाडली की न्हाय? लई लाडाची हुती म्हणून दार लावून कोंडली का? जाणाऱ्याला दार द्यावं लागतंय. न्हाय दिलं तर त्ये भित घिऊन जातंय."

 तेवढ्यात माझ्या आईने पदर खोचला आणि दगड उचलला. मग पाट्या वाहिलेल्या आणखी बायका आल्या. मी टिकाव घेतला. "कडंकडंनं काढा, मधी कुणी उभं ऱ्हाऊ नगा," काकी ओरडत होती. शेवटचा मोठा धोंडा निघेना, तेव्हा आबांनी स्वतः खांदा लावला.

पाणी गर्जत निघालं. शाळूसाठी कुळवून ठेवलेल्या काकीच्या रानात ते पसरलं आणि काळी माती घेऊन गेलं. आमच्या डोळ्यांसमोर खालचा पांढरा मुरूम उघडा पडला. काकी एकटक बघत होती. बांधाच्या माथ्याखाली पाणी उतरलं, तेव्हा ती आईला म्हणाली, "वैनी, घरनं खण-नारळ आन. वटी भर."

"कुणाची?"

"ह्या पाण्याची. आल्यावर सगळ्यांनी भरली, मिरवत. वटी जाणाऱ्या लेकीची भरायची असती. माझ्या हातची चालत न्हाय, तू भर." आईने ओटी भरली. विधवा म्हणून काकी दूर, आपल्या उघड्या पडलेल्या रानात उभी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात तलाव आटला, तेव्हा त्याच बायकांनी तळातला गाळ डोक्यावरून वाहून काकीचं रान पुन्हा भरलं. काकी हात जोडेल असं कुणाला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. ती तलावात उभी राहून दम देत होती, "मधला गाळ उचला! बांधाच्या पायाची माती काढली तर हात मोडीन एकेकीचा." बायका हसत होत्या आणि पाट्या भरत होत्या. त्या रानात नंतर शाळू पुरुषभर उंच आला.

गेल्या श्रावणात काकी गेली. दोन दिवसांचा ताप, बस्स. मी सोलापूरहून पोहोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. आईने घरातून खण, नारळ आणि तांदूळ आणले आणि तिच्या पदरात घालू लागली. एक म्हातारी चमकून म्हणाली, "अगं, रांडमुंड बाईची वटी?"

"जाणाऱ्या लेकीची भरायची असती," आई म्हणाली. "तिनंच सांगितलंय." मग कुणी आडवं आलं नाही.

मसणवाट तलावाच्या पलीकडे आहे. खांदेकरी बांधापाशी आले. पाऊस भुरभुरत होता, माती भिजलेली होती आणि बांधावरून वाट जवळची होती. पुढचा खांदा आबांचा होता. ते क्षणभर थांबले, बांधाकडे बघितलं आणि म्हणाले, "खालनं चला. ह्या वल्या मातीत एवढी पावलं तिला चालायची न्हाईत."

आम्ही तिला लांबच्या वाटेने नेलं.