झेंडूच्या मळ्यातल्या ताराबाई

वाघोलीच्या नव्या सोसायटीत आज ताराबाईंच्या फोटोला हार घातला. शेतमजूर बायांची संघटना बांधणारी थोर बाई, असं म्हणताना बिल्डरसाहेबांचा गळा दाटून आला. म्हणजे त्यांनी दाटवला. हॉलच्या एसीतही झेंडूचा उग्र वास आला आणि मी याच जमिनीवरच्या साहेबांच्या जुन्या मळ्यात पोचले.

गावाकडे आयटीवाले तेव्हा नुकते सरकू लागले होते. मी झेंडू तोडत होते, बोटं हिरवी-काळी झालेली. बांधावर माझी तान्ही लेक रडायला लागली. मी तिकडे वळले, तसे हेच साहेब ओरडले, "कामाला आलीस का पोरं सांभाळायला?"

ताराबाईंनी पाटी खाली ठेवली. "बसा गं समद्या. लेकरू पिऊन होईस्तोवर एक फूल तोडायचं न्हाई."

सगळ्या जणी सरीत बसल्या. मी लेकीला पदराखाली घेतलं. साहेब शिव्या देत फेऱ्या मारत राहिले, शेवटी म्हणाले, "बरं, पाजा. रोज पाजा."

"आयांना ती सुट्टी मीच सुरू केली," असं आज त्यांनी भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या दिवशी मलाही वाटलं होतं, माणसाला पाझर फुटला. पाझर कसला, बाजाराचा टेम्पो खोळंबला होता.